पाणी अर्धंच मिळंल

३ मार्च ८३, गुरुवार. खंडव्याच्या पुढं.

आजचा बोर कोरडा. तीनशे फूट नुसती धूळ. शेतमालक मशीनकडं न बघता माझ्याकडंच बघून राहिला, जसं त्याचं पाणी मी पिलो.

थोरल्या भावाचं, अण्णाचं पत्र. मायबाबा घराला कुलूप लावून समुद्रावर गेलेत. हर्णैला. तिथं चहाचं हॉटेल टाकलंय म्हणं. "तुला ठाऊक होतं का?" हे तीनदा लिहिलंय.

न्हवतं ठाऊक. पण हसू आलं. बाबा एस्टीवर ड्रायव्हर, निलंगा डेपोत. शाळेची सहल घेऊन एकदा हर्णैला गेले होते. आल्यावर आठ दिवस एकच बोलायचे. इतकं पाणी, अन् कुणी राखण बसत न्हाई त्याच्यावर.

रिटायर झाले, निघाले. बेस.

६ मार्च, रविवार.

अण्णाचं पत्र पुन्हा वाचलं. लातूर जिल्हा झाला तसा अण्णा कलेक्टर कचेरीत कारकून. क्वार्टर मिळालं. मायनं तिथं राहावं, नातू सांभाळावा, हे त्याच्या मनात. अन् लोकं म्हणतेत, साहेबाचे मायबाप परमुलखात कपबशा विसळतेत. त्याची मान खाली जाते. मला म्हणतो तू लिही, तुझं ऐकतेत.

माझं कवा कुणी ऐकलं? मी चौथीतून पळालो, अन् अजून पळूनच राहिलो.

त्याला एवढंच लिहिलं: आक्का देगलूरला नांदायला गेली, तू लातूरला, मी ह्या बोरच्या गाडीवर. आपण एकेक करून गेलो तवा त्यांनी कुणाला अडवलं न्हाई. आता ते गेले. आपण बी गप बसायचं.

पाकीट टाकून आलो. मागं घ्यायचं न्हाई.

१६ मार्च, बुधवार.

बाबाचं पत्र. अक्षर एस्टीसारखं, हलत हलत.

नारळाच्या झापाचं छप्पर, चार बाकडी, समोर मासळीचा लिलाव. हॉटेल चालत न्हाई. कारण माय. ती गिऱ्हाइकाला अर्धाच गिलास पाणी देती. उष्टं उरलं तर बादलीत ओतून घेती, नारळाच्या रोपाला घालती. गिऱ्हाईक म्हणतं, काय वहिनी, पाणी पण मोजून? एका खलाशानं उरलेलं पाणी वाळूवर फेकलं. माय म्हणली, "तेवढं भरून आण, मग चहा देते." तो उठला. त्याच्यासंगं पाच जण उठले. परत आले न्हाईत.

बाबा लिहितेत, तिला सांगून बघितलं. ऐकत न्हाई. आता मी बी सांगत न्हाई.

ती कशी ऐकंल? गावात आठ आठ दिवसांनी टँकर. सगळ्यांचं झालं की आमच्या वस्तीचं, वस्तीत बी मायचा हंडा शेवटचा. जे तळाला उरंल ते. तिच्या हाताला भरलेला गिलास माहीतच न्हाई.

खाली चार ओळी: "जागेवाल्यानं आडनाव इचारलं. सांगितलं. फोटो बी समोरच लावलाय, बाबासाहेबांचा अन् बुद्धाचा. गावात आपल्या हातचा चहा आपलीच वस्ती पीत होती. इथं इचारतेत ते साखरेचं."

१७ मार्च.

बोरला पाणी लागलं. सगळे नाचले, अंगावर घेतलं. मी अर्धा गिलास भरला. मुकादम म्हणला, उपास हाय का रे? हो म्हणलं.

२९ मार्च, मंगळवार.

अण्णाचं कार्ड. १४ एप्रिलला सुट्टी, जीप घेऊन हर्णैला जाणार. जयंतीला घराला कुलूप, वस्ती तोंडावर थुकंल म्हणतो. त्यांना घेऊनच येणार. तू बी ये, दोघं मिळून सांगू.

मुकादम म्हणला, गेलास तर गाडीवर तुझी जागा राहणार न्हाई.

बघू. गाड्या लई हायेत. मायबाप एकच.

११ एप्रिल, सोमवार. हर्णै.

पोचलो. मायनं बघितलं, का आलास म्हणली न्हाई. अर्धा गिलास पुढं ठेवला.

बाहेर फळी. बाबानं होडीच्या उरलेल्या रंगानं लिहिलंय:

पाणी अर्धंच मिळंल. पुन्हा मागा, पुन्हा मिळंल. फेकलं तर चहा न्हाई.

तो खलाशी परत यायला लागलाय. फळी मोठ्यानं वाचतो, बाकीचे हसतेत. "वहिनी, अर्ध्यावर अर्धा!" माय देती, पाचदा मागितलं तर पाचदा देती. चारपैकी दोन बाकडी भरतेत. दोन रिकामी. खोटं कशाला लिहू.

माय समुद्र बघायला जात न्हाई. खारट हाय, काय बघायचं म्हणती. खाऱ्या वाऱ्यानं गाल फुटलेत. ज्वारी मिळत न्हाई, भातानं पोट भरत न्हाई.

इचारलं, करमतं का?

"न्हाई करमत. पर इथं माझा नंबर शेवटचा न्हाई."

मग कपबशा विसळत बसली. मी बी बसलो.

१४ एप्रिल, गुरुवार.

सकाळी बाबानं फोटोंना हार घातले. येणाऱ्या प्रत्येकाला बुंदी. खलाशानं दोनदा घेतली.

दुपारच्या आधी अण्णा आला. पांढरा सदरा, जीप. बाकड्यावर टेकला. क्वार्टरला नळ हाय, दारातच, रोज एक तास येतो, हंडा उचलायला नको, सगळं सांगितलं. खरंच सांगत होता. नातू आज्जी आज्जी करतो म्हणला. माय तेवढ्यापुरती थांबली, मग पुन्हा फडकं फिरवायला लागली.

"लोकं काय म्हणतेत ठाऊक हाय का, बाबा?"

"इथली का तिथली?"

अण्णा माझ्याकडं वळला, तू तरी बोल म्हणला. मी म्हणलं, फळी वाच.

वाचली. तेवढ्यात मायनं त्याच्यापुढं गिलास ठेवला. अर्धा.

"माय, मी गिऱ्हाईक हाय का?"

"पी आधी."

जीपवाल्यानं त्याचा कवाच संपवला, पुन्हा मागितला, मिळाला. अण्णा गिलासाला हात लावून बसलाय. पीत बी न्हाई, ठेवत बी न्हाई. माय चुलीपाशी उभी, आधण उकळून राहिलं, पत्ती हातात. अण्णानं पाणी फेकलं तर चहा टाकणार न्हाई ती. लेक असला तरी.

मी दुसऱ्या टोकाला बसून हे लिहितोय. त्याचा हात अजून गिलासावरच हाय.