क्लॅरिनेट आणि गळा वेगळे करू नयेत

मी, खाली सही करणारी, बस आगारातली निवृत्त तिकीट तपासनीस, घरात जिला सगळे 'मधली' म्हणतात ती, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे. दडपण आहे ते उद्याच्या शस्त्रक्रियेचे. उजव्या कानामागे गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, "जीव बहुतेक वाचेल, कानाचं सांगता येत नाही." त्या 'बहुतेक'पायी हा कागद.

पहिले. राहते घर मुलाला. बँकेतली शिल्लक निम्मी मुलाला, निम्मी सुनेला, तिच्या स्वतंत्र खात्यात. सून गप्प बसते म्हणजे तिला काही नको असते असे नाही.

दुसरे. मागच्या खोलीतला जाड गालिचा वरच्या मजल्यावरच्या सुताराला. मी ध्वनिमुद्रण सुरू केले की याचा हातोडा सुरू. त्याने गालिचा अंथरून त्यावर काय ते ठोकावे.

तिसरे. आठ ट्रॅकचे रेकॉर्डिंग यंत्र, दोन्ही माइक, हेडफोन आणि संगणक, आतल्या सगळ्या फाइलींसह, मला हे काम शिकवणाऱ्या स्टुडिओवालीला. मुलाच्या कपाळावर आठी पडेल, म्हणून कारण लिहिते.

आमच्या वडिलांचा बँड होता. दादा, माझा थोरला भाऊ, क्लॅरिनेट वाजवी, धाकटी बहीण गाई आणि मी खुर्च्या मांडी. वडिलांच्या शोकसभेत त्यांनीच रचलेले गाणे म्हणताना धाकटीचा गळा भरून आला. दादा सगळ्यांदेखत म्हणाला, "सूर सांभाळ. रडायला घर आहे." त्यानंतर दोघे एका खोलीत आले नाहीत. मग दादाला दम लागू लागला, ओळ अर्ध्यावर सुटू लागली. ते गाणे कुठेच ध्वनिमुद्रित नव्हते. मी एक स्टुडिओ गाठला.

स्टुडिओवाली म्हणाली, "काकू, एकत्र बसायची गरजच नाही. प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा घ्यायचा, मग मिसळायचं. एकाला हात लावला तरी दुसऱ्याला धक्का नाही." मला वाटले, घरही असे असते तर! साठी उलटल्यावर मी तिच्याकडे शिकायला जाऊ लागले. आवाज कमी पडेल या भीतीने मी पातळी चढवायची आणि सगळे फाटके वाजायचे. "घाबरून बटणं फिरवू नका, आधी ऐका," ती म्हणायची. अजून पुरते जमत नाही.

दादाचे वादन आधी घेतले. धाकटीला सांगितले, भाड्याचा वादक आहे. तिने हेडफोन लावले, गाऊ लागली आणि दुसऱ्या ओळीला थांबली.

"हा श्वास घेतोय तो दादा."

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"एवढा दम लागतो त्याला?"

"लागतो."

तिने हेडफोन पुन्हा चढवले. "मोठा कर. लपवू नकोस त्याला."

मी मोठा केला. इतका, की क्लॅरिनेट हेडफोनमधून झिरपून तिच्या माइकात शिरले. आता तिचा ट्रॅक एकटा लावला तरी मागे दादा बारीक ऐकू येतो. स्टुडिओवालीने कपाळाला हात लावला. "शिकाऊ चूक. आणि पुसायला गेलं तर काकू, तुमच्या बहिणीचा गळाही खरवडला जाईल." मी पुसले नाही.

मिश्रण मात्र अडले आहे. दादा फोनवर म्हणतो, "तिला जरा मागे ने." धाकटी म्हणते, "त्याची तेवढी शिट्टी दाब गं." मी रोज एकाला चढवते, दुसऱ्याला उतरवते आणि रोज वाटते, बिघडवले.

चौथे. मुलाने संगणक 'साफ' करू नये. "आई, शेवटची एक फाइल ठेव, बाकी कचरा," असे तो म्हणतो. पुन्हा सांगते, साफ करू नये. मी वाचले नाही, किंवा ऐकू येईनासे झाले, तर मिश्रण स्टुडिओवालीने पुरे करावे. कोणालाही गप्प करू नये. दादाचा दम काढू नये.

पाचवे. दादाला आणि धाकटीला मी काहीही ठेवलेले नाही. कोणी कुजबुजू नये. वकीलबाई म्हणाल्या, "ज्याला मिळतं त्याची साक्ष घेऊ नये. आणि दोन्ही साक्षीदार एकदम समोर असलेले बरे." मला साक्षीला हीच दोघे हवी आहेत. या वेळी दोघांनाही, दुसराही येणार आहे हे खरे सांगून, आज संध्याकाळी बोलावले आहे. दादाने ऐकून फोन ठेवला. धाकटी "बघते" म्हणाली. खाली जागा सोडली आहे. ती कोरी राहील अशी धास्ती आहे.

सहीपूर्वीची भर. दोघे आले. दादा चष्मा विसरला होता, म्हणून धाकटीने सगळे मोठ्याने वाचून दाखवले. शोकसभेपाशी ती अडखळली.

"वाच," दादा म्हणाला. "तेही वाच. मी बोललो होतो तसं."

तिने वाचले, शेवटपर्यंत.

ठिकाण: माझे राहते घर, मागची खोली.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस.

सही: मधली
साक्षीदार: धाकटी
साक्षीदार: दादा

(दादाची सही वाकडी आहे, कारण त्याने धाकटीचा चष्मा लावून केली. ती त्याचीच आहे.)