मागच्या सीटवर किती जण

चाचा, आज दुकानात एक गिऱ्हाईक आलं होतं. पुण्याचा इंजिनियर, राहायला दुबई मरीनाला, आणि इथे मुसफ्फात, गॅरेजांच्या वस्तीत, आला तो कुणीतरी आपल्या दुकानाचं नाव सांगितलं म्हणून. नवी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी घेतलेली. म्हणाला, "मॅडम, डोंगरातल्या वाटांवर जायचंय, दगडधोंड्यांतून. सगळ्यात हार्ड स्प्रिंग द्या. नो कॉम्प्रोमाइज." मी विचारलं, मागे कोण बसतं? त्याला वाटलं मी त्याच्या घरच्या चौकशा करतेय. "कोणी नाही, बायको पुढे बसते," असं जरा तुटकच बोलला. मग मी त्याला मधली स्प्रिंग दाखवली आणि ती का, ते सांगितलं. ऐकून घेतल्यावर त्यानं विचारलं, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, आमच्या चाचांनी. तो म्हणाला, "मग त्यांच्याशीच बोलतो ना, आत आहेत का?" मी नाहीत म्हटलं. त्याचा समज झाला की तुम्ही चहाला गेलाय, आणि तो चक्क दहा मिनिटं बाकड्यावर बसून राहिला. मला त्याला खरं सांगवेना. आता दुपारची सुट्टी आहे, शटर अर्धं ओढलंय, आणि तुम्हाला लिहायला बसलेय. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं. तुम्हाला मराठी वाचता यायचं, पण पत्रं आली की तुम्ही ती माझ्याकडूनच वाचून घ्यायचात. "तुझ्या तोंडून बरी वाटतात गो बाय," म्हणायचात. तेव्हा हेही मीच वाचतेय असं समजा.

हे गेले तेव्हा आमची लेक नऊ वर्षांची होती. त्यांच्या कंपनीनं बरं वागवलं, पण व्हिसा त्यांच्या नावावर होता, आणि तो संपला की आम्हा दोघींना जायला लागणार होतं. कुठे जायचं, हेही धड ठरलेलं नव्हतं. तुम्ही ह्यांना ओळखत होतात ते एवढंच, की हे कंपनीच्या पिकअपच्या स्प्रिंगचे पाटे बदलायला तुमच्याकडे यायचे आणि पाटे बदलून होईपर्यंत तुमच्याशी मासळीवर बोलत बसायचे. तेवढ्या ओळखीवर तुम्ही अरबाबकडे, दुकानाच्या मालकाकडे, गेलात. "काउंटरला बाई पायजे. फोन घेईल, बिलं लिहील, तुझी इज्जत वाढेल," असं त्याला सांगितलंत म्हणे. मला दहावीपुरतं इंग्रजी. स्प्रिंगांचे जाडजूड कॅटलॉग समोर आले तेव्हा पहिला आठवडा मी नुसती चित्रं बघितली. मग डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत गेले. मला वाचायची सवय होती, समजो न समजो, पुस्तक खाली ठेवायचं नाही, ती इथे उपयोगी पडली. तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं. मी वाचायची आणि तुम्ही गाडीखालून ओरडायचात, "परत वाच! काय म्हणतो तो?" डब्याच्या वेळी तुमचा हात तुमच्या डब्याच्या झाकणावर थांबायचा. "आज वार कुठला गो? खातेस का पाळतेस?" बुधवार असला की तुमच्या कालवणातली एक तुकडी माझ्या भातावर यायची. इतर दिवशी तुम्ही डबा घेऊन तोंड भिंतीकडे करून बसायचात, मला वास नको म्हणून. भिंतीकडे तोंड करून जेवणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि नंतरही नाही.

मग ती मंदी आली. वाळूत गाड्या उडवणारे सगळे साहेब लोक गाडीची किल्ली बँकेला देऊन, काहीजण न देताच, विमानात बसले. वाळवंटात जाण्यासाठी गाडी उंच करून घेणारं गिऱ्हाईक महिन्याभरात दिसेनासं झालं. आपल्या स्प्रिंगांच्या भागात सहा माणसं होती, ती तीन झाली, मग आपण दोघंच. इंजिनाचं काम करणारी बाजूची मंडळी तेवढी टिकून होती, कारण इंजिन बिघडलं की करावंच लागतं. एका सकाळी अरबाब आला. एक टूर कंपनी पर्यटकांना डोंगरातल्या कोरड्या ओढ्यांतून फिरवते, तिच्या सगळ्या गाड्यांची मागची स्प्रिंग बदलायची आहे, एक गाडी नमुन्याला देणार आहेत. ती पसंत पडली तर सगळं काम आपलं. "मिळालं तर तुमचा सेक्शन चालेल. नाही मिळालं तर खलास," असं तो हिंदीत म्हणाला आणि गेला. खलास म्हणजे माझा व्हिसा, लेकीची शाळा, सगळंच. तुम्ही मला म्हणालात, "स्प्रिंग तू निवड." मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "मी काय जन्मभर हाय का हितं?"

कंपनीनं एक कागद दिला होता. ड्रायव्हर, सहा पर्यटक, पाण्याची पेटी, जेवणाचं सामान. मी सगळ्यांची वजनं मांडली, कॅटलॉगातला तक्ता लावला आणि सगळ्यात कडक रकान्यातली स्प्रिंग काढली. तुम्ही ती बसवलीत. मागच्या शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर तुम्ही तुमची प्लास्टिकची टाय आवळलीत, पिशवीचं तोंड बांधायची असते तसली. गाडी जितकी खोल दबेल तितकी टाय दांड्यावरून वर सरकते आणि तिथेच राहते. चाललेल्या वाटेवर स्प्रिंगनं किती काम केलं ते नंतर बघता येतं. पार टोकाला गेली तर स्प्रिंग नरम आहे, गाडी आपटतेय. अर्ध्यातच राहिली तर कडक आहे. शेवटाच्या जरा अलीकडे थांबली तर बरोबर. तुमचं सगळं शास्त्र त्या एका टायमध्ये होतं.

शुक्रवारी आपण निघालो. गाडी चालवायला त्यांचाच पठाण ड्रायव्हर, पुढे तुम्ही, मागे मी आणि लेक, कारण तिला घरी कुणाकडे ठेवणार. डांबरी रस्ता संपला आणि ओढ्याच्या गोट्यांवर गाडी चढली तशी ती थडथडायला लागली. पत्र्याच्या छपरासारख्या बारीक लाटा पडलेल्या त्या वाटेवर मागची चाकं जमिनीला टेकतच नव्हती. लेक म्हणाली, "मम्मा, माय टीथ आर शेकिंग!" ड्रायव्हर हसला. तुम्ही मागे वळलात आणि म्हणालात, "दात सांभाळ गो, तुझ्या आयनं निवडलीय स्प्रिंग." चिडवलंत, पण मला ते लागलं. सगळी वाट मी तिचा हात धरून बसले आणि मनात एकच, की हे काम गेलं.

एका कड्याच्या सावलीत गाडी थांबली. तुम्ही नमाजाला बाजूला गेलात, ड्रायव्हर लेकीला बकऱ्या दाखवत होता. मी गाडीमागे वाकून बघितलं. टाय अर्ध्यावरही गेली नव्हती. चाचा, मी बोट घातलं आणि ती टाय वर ढकलली. चार बोटं. जिथे असायला हवी होती तिथे नेऊन ठेवली. सहा माणसं बसली की इथवर येईलच, मी खोटं काही करत नाहीये, असं स्वतःशी म्हणत होते. हाताला ग्रीस लागलं ते ओढणीला पुसलं.

तुम्ही आलात, चटई टाकून गाडीखाली आडवे झालात. बराच वेळ बाहेर आला नाहीत. मग खिशातलं फडकं काढून तुम्ही तो दांडा नीट पुसलात, वरपासून खालपर्यंत, आणि बाहेर येऊन थर्मासमधला चहा ओतायला घेतलात. मला काहीच विचारलं नाहीत. ड्रायव्हरला विचारलंत, "उस्ताद, आजकल पीछे कितने बैठते हैं?" तो मोठ्यानं हसला. "कहाँ के बैठते हैं चाचा! दो। मियाँ-बीवी। परसों तो एक बुढ़िया अकेली थी, सारा रास्ता मुझे अपने पोतों के फोटो दिखाती रही।" कागदावरचे सहा जण मंदीच्या आधीचे होते. मला ते सुचलंच नव्हतं. महिनाभर ज्या मंदीनं माझी झोप उडवली होती, ती त्या गाडीच्या मागच्या सीटवरही येऊन बसली असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. कागदावर सहा लिहिलं होतं, आणि छापलेलं म्हणजे खरं, हा वाचणाऱ्या माणसाचा दोष.

मी म्हटलं, "चाचा, कागद खोटा निघाला." तुम्ही चहाचा कप माझ्या हातात दिलात. "खोटा नाय गो बाय. जुना हाय. सहा माणसांची स्प्रिंग दोन माणसांखाली घातली तर ती काय वाकणार? कडक म्हंजे मजबूत नाय. खड्डा गाडीनं खाल्ला पायजे, नायतर माणसाला खायला लागतो." मग लेकीकडे बघत मला म्हणालात, "तुमच्या घरात तरी काय, आता दोघीच. कशाला एवढी ताठ चालतेस?" हे गेल्यापासून मी लेकीला एक दिवस शाळा बुडवू दिली नव्हती, एक मार्क कमी पडला तर जेवताना बोलत नव्हते. ते तुम्हाला कसं कळलं, मला माहीत नाही. बहुतेक तिनंच सांगितलं असणार, तुमचं नि तिचं मेतकूट होतं.

आपण मधली स्प्रिंग घातली आणि कधीतरी गाडी भरलीच तर म्हणून स्प्रिंगच्या आत हवेची पिशवी बसवली. भरलेल्या दिवशी हवा भरायची, दोघं असले की सोडायची. पुढच्या शुक्रवारी त्याच वाटेवर लेक माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. कंपनीनं सगळ्या गाड्या दिल्या. त्यातल्याच दुसऱ्या गाडीची टाय बघायला मी पहिल्यांदा स्वतः गाडीखाली गेले, आणि तेव्हा मला ते दिसलं. दांडा जिथपर्यंत आत जाऊन येतो तिथपर्यंत लख्ख असतो, त्याच्या वरच्या भागावर धूळ बसलेली असते. टाय बरोबर त्या रेषेवर असते. म्हणजे माझी टाय त्या दिवशी धुळीत चार बोटं वर बसलेली होती, आणि तुम्ही ती बघून मग दांडा पुसलात. ड्रायव्हर वाकला असता तर त्यालाही दिसलं असतं. मी गाडीखाली तशीच पडून राहिले. "काय गो, झोपलीस?" तुम्ही वरून विचारलंत. मी नाही म्हटलं. माफी मागायची होती, ती मी त्या दिवशी मागितली नाही आणि नंतर तर विषयच निघाला नाही.

टूर कंपनीचं काम पुरं झालं. वर्षभरानं अरबाब परत आला. आता स्प्रिंगांच्या भागाला एकच व्हिसा परवडेल, दोघांतलं कोण ते मी बघतो, म्हणाला. मला तर वाटलं, संपलं. पाना धरणारा माणूस सोडून बिल लिहिणारी बाई कोण ठेवेल? तुम्ही त्याला म्हणालात, "बसवायला बाजूचे मिस्त्री हायत. निवडणार कोण? ती निवडते." ज्या बाईनं टाय सरकवली तिच्याबद्दल तुम्ही हे बोलत होतात. आणि मग म्हणालात, तुमचे गुडघे गेले, आता गाडीखाली जाववत नाही, तुम्ही तसेही घरी जाणारच होतात. महिन्याभरात गेलात. विमानतळावर लेक रडली, तुम्ही तिला म्हणालात, "रत्नागिरीला ये, कालवण खायला." ती गेलीच नाही, मीही गेले नाही. दोन वर्षं दर ईदला फोन केला, तिसऱ्या वर्षी तुमच्या पुतण्यानं उचलला.

लेक आता जबल अलीला एका ऑफिसात आहे, स्वतःची गाडी आहे, माझ्यावर इंग्रजीत ओरडते आणि दर शुक्रवारी येते. मी अजून ह्याच काउंटरवर आहे. ह्यांची आठवण रोज येते, ती आता घरातल्या माणसासारखी झालीय. तुमची मात्र अशी येते, कुणी तुम्हाला भेटायचंय म्हटलं की.

आणि एक सांगायचं राहिलं. तुम्ही गुडघ्यांचं बोललात त्या सकाळी मी काउंटरवरून बघत होते. तुम्ही एका पांढऱ्या गाडीच्या चाकाशी उकिडवे बसला होतात, चांगली पंधरा मिनिटं, आणि उठलात तेव्हा जमिनीला हातही टेकला नव्हता. दुपारी अरबाबनं मला बाजूला घेऊन विचारलं, "चाचा का घुटना सच में खराब है?" मी हो म्हणाले.