आमच्याकडे कुणी घोरत नाही

ता. ६ मे, तंबूतून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

लग्नाच्या बैठकीत विहीणबाईंनी टाकलेलं एक वाक्य आठवतं का तुला? मी सहज थट्टेनं म्हटलं होतं, आमचे हे घोरायचे, मुलानेही तो वारसा घेतलाय, तेव्हा तुमच्या लेकीला आधीच सांगून ठेवा. त्यावर बाईंनी चष्मा सावरला आणि म्हणाल्या, "आमच्याकडे कुणी घोरत नाही." आठ वर्षं मी ते वाक्य जपून ठेवलं होतं. इथे आल्या रात्री त्याचं चीज झालं. बाई घोरतात. तेही साधंसुधं नाही, करवतीने ओंडका कापावा तसं. आणि मी वीतभर अंतरावर, रबरी गादीवर पडून ते ऐकते.

तंबू दोन आहेत. मोठ्यात मुलगा-सून, छोट्यात आम्ही दोघी विहिणी. गाडीने परदेशात यायचं, वाटेत तंबू ठोकायचे आणि जुनी ठिकाणं बघायची, हा सूनबाईंचा बेत. घरी चांगलं छप्पर असताना कापडाखाली झोपायचं आणि छप्पर उडालेल्या इमारती तिकीट काढून बघायच्या, याला म्हणे हौस म्हणतात. परवा एका राजाचं स्नानगृह पाहिलं. राजा नाही, पाणीही नाही. काल रणांगण दाखवलं. गवत होतं.

विहीणबाईंचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. त्यामुळे त्यांना अवशेष दिसतच नाहीत, पाट्या दिसतात. प्रत्येक पाटीपुढे उभ्या राहून मोठ्याने वाचतात, आणि एखादी चूक सापडली की चेहरा असा फुलतो, जणू राजाच भेटला. एका जुन्या दगडी पुलासाठी मात्र त्या आल्या आहेत. तरुणपणी कुठल्याशा पुस्तकाची मुद्रितं तपासताना त्याचं चित्र पाहिलं होतं म्हणे. बाईंना माणसांची ओढ नाही, पुलाची आहे.

आमच्या तंबूची चेन अडकते. जन्मभर लोकांचे पडदे शिवले, तेव्हा ती मेणबत्ती घासून चालवण्याचं काम आपसूकच माझ्याकडे आलं. मुलाची पाठ दुखते, म्हणून तो गाडीत सीट पाडून झोपतो. सून बरी आहे, बोलते कमी.

सोबतच्या पत्त्यावर आमचा पंधरा दिवस मुक्काम आहे, तिथे उत्तर धाड. माझ्यावरचा लोभ आटू देऊ नकोस, इथे नळाचं पाणी तेवढं आटतं.

तुझी,
ताई

*

ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. करवतीपाशी इतके हसले की चहा सांडला. तुझ्या जिभेला परदेशातही धार लावायला दगड मिळतो, हे बघून बरं वाटलं. विहीण दुसऱ्या गावी राहत असताना तू तिला सोडलं नाहीस, आता तर शेजारी निजलीय. तिची खैर नाही.

पण ताई, अख्खं पत्र विहिणीच्या नाकावर आणि पोटच्या पोराला एक ओळ? हाडांच्या दवाखान्यात मी इतकी वर्षं केसपेपर काढते. पाठ धरलेला माणूस गाडीच्या सीटवर झोपायला जातो, हे आजवर ऐकलं नाही. झोपला तर सकाळी त्याला काढायला दोघं लागतील. आणि सून "बोलते कमी" म्हणजे काय? आपल्या घरी आली तेव्हा तिच्या बडबडीवर तू दोन पत्रं खर्ची घातली होतीस.

कानात कापूस घाल, असं लिहिणार होते. घातला असशीलच. आता तो काढ.

राग मानू नकोस, मानलास तरी माझी ताई राहा.

तुझी,
धाकटी

*

ता. २० मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

कापूस काढला.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी आम्ही एका किल्ल्याहून परतत होतो. मागच्या सीटवर विहीणबाईंना डुलकी लागली आणि डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी वाट बघत राहिले, आता करवत सुरू होईल. तासभर गाढ झोपल्या. आवाज नाही, सुस्कारा नाही. पाळण्यातलं मूल तरी थोडं कण्हतं.

रात्री तंबूत शिरल्यावर पुन्हा घोरणं सुरू झालं. मी नुसती ऐकत पडले. मग लक्षात आलं, की पलीकडून बोलण्याचा आवाज आला की घोरणं चढतं, पलीकडे शांत झालं की उतरतं. मी म्हटलं, "विहीणबाई, आता राहू द्या."

त्या थांबल्या. आणि मग सगळं ऐकू आलं. कापडी भिंत ती काय अडवणार. आरडाओरडा नव्हता, त्यापेक्षा वाईट होतं. माझा मुलगा हळू आवाजात, वाक्य घासून घासून, तिला बोलत होता. बोलण्याची ती ढब ओळखीची वाटली. तुला लिहिताना मी विहीणबाईंवर ज्या सुरात घसरते, तोच सूर. सून एकदाच म्हणाली, की घरी गेल्यावर ती वेगळी राहणार आहे. मग गाडीचं दार वाजलं.

मी विचारलं, हे सोंग कशासाठी. बाई म्हणाल्या, पहिल्याच रात्री त्यांच्या कानावर आलं होतं. मी ऐकलं असतं तर पदर खोचून लेकाच्या बाजूने त्या तंबूत शिरले असते आणि त्यांच्या लेकीला चार शब्द जास्त सुनावले असते, अशी त्यांची खात्री होती. मला राग आला. पण खोटं काय होतं त्यात?

आता कळतं, आम्हा दोघींना हौसेने आणलंच नव्हतं. दोघांना एका गाडीत एकटं बसायची धास्ती होती, म्हणून मध्ये दोन म्हाताऱ्या बसवल्या, काचेच्या भांड्यांमध्ये फुटू नयेत म्हणून गवत भरतात तशा. उद्या माघारी निघतोय. पूल राहिला.

मला ओरडून एखादं पत्र लिही, जरा बरं वाटेल. लोभ दोन मुठी जास्त धाड.

तुझी,
ताई

*

ता. २ जुलै

स. न. वि. वि.

वर काय मायना घालावा हे ठरेना, म्हणून जागा कोरी सोडली आहे.

मुलांचं वेगळं व्हायचं ठरलं, हे तुम्हाला कळलं असेलच. वकिलांनी कागद केले, त्यात शुद्धलेखनाच्या सात चुका होत्या, त्या मी काढून दिल्या. तुमची सुयांची डबी आणि मेणबत्तीचा तुकडा माझ्या पिशवीत आला होता, तो सोबत पाठवते आहे.

आता तुमचा आमचा संबंध राहिला नाही. एकमेकींकडे जाण्यायेण्याचं कारणही उरलं नाही. तुम्हालाही ते सोयीचं पडेल, असं मी धरून चालते. माझ्या पाटीवाचनाचा तुम्हाला त्रास झाला, हे मला दिसत होतं.

आणखी एक. मी घोरत नाही. नोंद असावी.

लोभाबद्दल काही लिहीत नाही, तो मागण्याचा हक्क आता नाही.

आपली नम्र,
(सही)

*

ता. ९ जुलै

विहीणबाईंस,
स. न. वि. वि.

हा मायना मुद्दाम घातला आहे, खोडू नका. मुलांनी सही केली ती त्यांच्या लग्नावर. मला कुणी सही मागितली नाही, आणि मागितली तरी मी देणार नाही.

सुयांची डबी पोचली. मेणबत्तीचा तुकडा पोस्टाने धाडण्याइतका काटेकोरपणा तुमच्याशिवाय कुणाला सुचावा. मुलांमध्ये सामानाची वाटणी झाली त्यात मोठ्या तंबूवरून म्हणे पुष्कळ बोलाबोली झाली. छोटा कुणालाच नको होता, तो माझ्या माळ्यावर आला आहे. त्याची चेन मी काढून नवी घातली. आता अडकत नाही.

तुमच्या पाट्यांचा मला त्रास झाला, हे खरंच आहे. घरी आल्यापासून माझ्या गल्लीतल्या दुकानांच्या पाट्या मी वाचत जाते आणि चूक सापडली की सांगायला शेजारी कुणी नसतं, हा त्रास नवीन आहे.

तो पूल अजून तिथेच असेल. इतकी शतकं उभा आहे, आपल्यासाठी एक वर्ष थांबेल. पुढच्या मे महिन्यात आपण दोघीच जाऊ, बसने. तुम्ही नाही म्हणणार, संबंध राहिला नाही असं पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात लिहून कळवणार, हे मला ठाऊक आहे. तरी विचारते. शेजारी दुसरा तंबू नसेल. तुम्हाला गप्प झोपता येईल.

लोभ मागायचा हक्क नसला तर उसना द्या.

तुमची,
विहीण