आकडा स्थिर झाल्यावर

९ नोव्हेंबर
वहीची माफी मागतो. पाच महिने एक ओळ नाही. काम फार होतं, असं लिहिणार होतो. पण कामही नव्हतं. आता आहे. तेजरामजींच्या राइस मिलच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर. धानाचा ट्रॅक्टर चढला, आकडा स्थिर झाला, की पावती आपोआप छापायची. सतरा तारखेला सुरू. जमलं तर दुसऱ्या मिलचंही काम मला. नाहीतर त्यांचं जुनं पावतीबुक आहेच.

१० नोव्हेंबर
एकच निर्णय बाकी. इव्हेंट हँडलर की मेथड ओव्हरराइड? हँडलर म्हणजे आकडा स्थिर झाला की प्रोग्राम हाक मारतो, आपण ऐकून पावती छापायची. ओव्हरराइड म्हणजे आकडा दाखवणाऱ्या त्याच्या मेथडमध्येच शिरून आपलं काम करायचं. नूतनला तासभर समजावलं. ती म्हणाली, पावती तर दोन्हीत निघते ना. बायकोला मुद्दा कळला नाही.

१३ नोव्हेंबर
हँडलर ठरवला.
संध्याकाळी ६. ओव्हरराइड. काट्याचा मूळ प्रोग्राम आपणच वाढवतोय, म्हणजे घरचेच. बाहेर उभं राहून काय ऐकायचं? कोड शून्य ओळी. विचार पक्का.

१७ नोव्हेंबर, दुपारी १
पावत्या निघतात, स्क्रीन कोरी. ओव्हरराइडमध्ये आकडा दाखवणारी मूळ मेथड बोलवायला विसरलो. आकडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय धान आणणारे खैरलांजीचे लोक ट्रॅक्टर काट्यावरून काढत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. रांग फाटकाबाहेर.

१८ नोव्हेंबर
मूळ मेथड बोलावली. सावधगिरी म्हणून हँडलरही जोडला. काट्यावर बसणाऱ्या गीताताई म्हणाल्या, "भाऊ, ट्रॅक्टर एक अन् पावत्या दोन काहून येऊन राह्यल्या? लोक मले विचारतेत, दुसरी कोनाची?" बॅकअप आहे, म्हणालो. त्या दिवसभर दुसरी पावती फाडत होत्या. तीन वाजता दादाजी नावाच्या शेतकऱ्याच्या दोन्ही फाडल्या. धान ढिगात मिसळून गेलं होतं. कॉम्प्युटरमध्ये नोंद ठेवायचं मी पुढच्या आठवड्यावर टाकलेलं. दादाजी ढिगाकडे पाहत राहिले. तेजरामजींनी एवढंच विचारलं, "तुमचं ठरलं नाही का अजून?"
गीताताईंची चूक नाही. माझीही पूर्ण म्हणता येणार नाही.

१९ नोव्हेंबर
दादाजींच्या धानाचं वजन गीताताईंना तोंडपाठ होतं. वाचलो. दुसऱ्या मिलचं काम गेलं. पावतीबुक निघालं. मी स्क्रीनसमोर बसतो. आकडा स्थिर झाला की हाक मारतो, गीताताई लिहितात. म्हणजे हँडलरच बरोबर होता.
उद्या: गीताताईंसाठी कार्बन पेपर नेणे.