पांढरा डोळा

रविवार, ३
पोचलो एकदाचे! पाच वर्षांची माझी ठमी चप्पलसुद्धा न काढता पिंजऱ्यांकडे सुसाट पळाली. पक्षिघर ऐसपैस आहे, वरच्या दोन खोल्या आम्हा मायलेकींना. पोपट, मैना, एक म्हातारा काकाकुवा, आणि बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. अगदी पिल्लांच्यासुद्धा! आधीच्या डॉक्टरांनी काहीच का केलं नाही, कोण जाणे. मला मात्र कधी एकदा सुरू करते असं झालंय.

मंगळवार, ५
पक्ष्यांची बाहुली त्यांच्या मर्जीची. ती मोठी करायचे आपले नेहमीचे थेंब घातले तर ढिम्म हलत नाही. भूल देऊनच तपासावं लागतं. भिंगं दुधासारखी पांढरी, पण सोनोग्राफीत मागचा पडदा शाबूत दिसला. म्हणजे दृष्टी परत येणार! पिंजरे सांभाळणाऱ्या मावशी मात्र फुरंगटून बसल्यात. आंधळे आहेत तेच सुखात आहेत, म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांतही मोतीबिंदू पिकलाय, पण ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर येतात.

शुक्रवार, ८
पोपटांचा एकेक डोळा केला. सुईएवढ्या नळीने भिंग विरघळवून ओढून घेतलं, सगळं झकास. काकाकुव्याला पुन्हा भूल सोसली नसती, म्हणून त्याचे दोन्ही डोळे एकदमच उरकले. शुद्धीवर आल्यावर मान वाकडी करून त्याने मला असं निरखलं की मला रडूच आलं.

रविवार, १०
एक गंमत. सगळे पोपट नवा डोळा भिंतीकडे आणि पांढरा डोळा जिन्याकडे धरून बसतात. दुपारी बघते तर सगळ्यांनी पांढरा डोळा औषधांच्या कपाटाकडे वळवलेला. तिथे काहीच नव्हतं.

सोमवार, ११
काकाकुवा गेला. कोपऱ्यात, पंखाखाली डोकं खुपसून. शरीर उघडून पाहिलं, कारण सापडलं नाही. मावशी आधी रडल्या, मग माझ्यावर कडाडल्या. ज्याला दिसतं त्याच्याजवळ ते येतं, आणि याला तर तुम्ही दोन्ही डोळे दिलेत, म्हणाल्या. काय येतं, ते त्यांना सांगता येईना. त्यांनी ते कधी पाहिलेलंच नाही.

मंगळवार, १२
जिन्यातली ती वाकलेली बाई आपल्याकडे का येतेय, असं ठमीने विचारलं. काल लांब होती म्हणे.
तिला कडेवर घेऊन खाली आले. सगळ्या पोपटांनी पांढरा डोळा आमच्याकडे — नाही, ठमीच्या मागे —
माझ्या लेकीला दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसतं.

बुधवार
मीही पाहिलं. त्या चेहऱ्यावर — नको. नाही लिहीत.
गाडी बोलावलीय. मावशी फाटकाशी उभ्या आहेत, गाडी आली की हाक मारतील.

ठमीच्या डोळ्यांवर पट्टी बांधलीय. तिला दिसलं नाही तर कदाचित — मीही डोळे मिटलेत. ओळी वाकड्यातिकड्या जात असतील. लिहीत राहिलं की भीती वाटत नाही — खोटं. फार भीती वाटतेय. माझं काहीही होवो, पण ठमी —
समोरच बसलीय. म्हणतेय, आई, इतका घट्ट नको धरूस, तुझा हात किती गार आहे —
उजव्या हातात पेन आहे. डाव्याने वही धर