कस्तुरीचा सोमवार

मुदखेड, गुरुवार

सौ. अंबिकाअक्कांना उमाचा शरणु शरणार्थी.

तुमची शुगर आता कशी आहे, आणि मी पाठवलेली मेथीची पूड तुमच्या पोटात गेली की फडताळात, ते आधी कळवा. दाजींची तब्येत विचारत नाही. ती उत्तमच असते, आणि नसली तर ते फोन स्पीकरवर लावून उदगीरच्या अर्ध्या बाजाराला सांगतात. म्हणूनच फोन न करता पत्र लिहिते आहे. (पोस्टाचं पाकीट दाजी उघडत नाहीत, आत नोटीस असेल या भीतीने. हे तुमच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, मला सांगून ठेवलं होतं. माणूस जाऊन दोन वर्षं झाली, सांगून ठेवलेलं अजून उपयोगी पडतंय.)

विषय आपल्या कस्तुरीचा. तुमच्या धाकट्या भावाने, म्हणजे शिवकुमार भावजींनी, संक्रांतीलाच मला बजावलं की घोडी यंदा गाभण राहिली तर ठेवू, नाहीतर मार्गशीर्षात माळेगावच्या जत्रेत उभी करू. सतरा वर्षांची घोडी तिथे कोण घेणार आणि कशासाठी, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी मी मान हलवली. वाटलं, वेळेवर आलंगावर येईल, उदगीरला नेऊ, तुमचा घोडा बादल दाखवू, झालं. (गाय माजावर येते, घोडी आलंगावर. हा शब्द तुमच्या भावाने मला लग्नानंतर चौथ्या दिवशी शिकवला. बाकीच्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांनी काय शिकवलं असेल ते असो.)

पण शास्त्र सांगतं, घोडीचं चक्र एकवीस दिवसांचं, त्यात पाच-सहा दिवस आलंग. कस्तुरीला शास्त्र कुणी सांगितलेलं नाही. माघात ती सतरा दिवस शेपूट वर करून उभी राहिली. मग महिनाभर काही नाही. मग तीन दिवस, तेही अर्ध्या मनाने. भावजी लातूरला क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतात, त्यामुळे जीव म्हणजे पेपरातला प्रश्न असा त्यांचा समज आहे. त्यांनी रंगीत तक्ता करून तबेल्यात टांगला. हिरव्या दिवशी न्यायचं, लाल दिवशी नाही. कस्तुरीने पहिल्याच आठवड्यात हिरवे दिवस खाऊन टाकले.

दुसरे तज्ज्ञ शेजारचे लिंबाजी. त्यांचा जन्म म्हशींत गेला. घोडी मुतली रे मुतली की कुंपणावरून ओरडतात, "वैनी, आली हाय! पक्की आली हाय, टेंपो सांगा!" जनावर दिवसातून सात वेळा मुततं. एकदा मी विचारलं, "लिंबाजी, तुमची म्हैस मुतली की तुम्ही काय करता?" म्हणाले, "बाजूला सरकतो."

या दोन विद्वानांच्या भरवशावर फाल्गुनात आम्ही कस्तुरीला टेंपोत घालून चार तास हलवत तुमच्याकडे आणलं, ते तुम्ही पाहिलंच. तिने बादलच्या छातीवर लाथ झाडली, दोघांमधली आडवी फळी मोडली, आणि दाजींनी निकाल दिला की घोडीला संस्कार नाहीत. चार माणसांपुढे तिला दोरीने जखडून वर म्हणे संस्कार!

घरी आल्यावर मी वाचायला बसले. मी सातवी शिकलेली बाई, पुढचं सगळं हाती लागेल ते वाचून शिकले. अश्वपालनाच्या एका जुन्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, की घोडीचं अंग उजेडावर चालतं. दिवस लहान असताना दाखवते ती आलंग पुष्कळदा नुसता देखावा असतो, आत बीज तयार नसतं. दिवस मोठा झाला, किंवा दिव्याने मोठा केला, की चक्र बसतं. मी तबेल्यात बल्ब लावला आणि संध्याकाळी तिथेच वाचत बसू लागले. गावाने लगेच शोध लावला, की उमाबाईने नवऱ्याच्या नावाने तबेल्यात दिवा ठेवलाय. मी खोडून काढायला निघाले होते, मग राहू दिलं. अगदीच चूक म्हणवेना. पण भावजींची लातूरपर्यंत अब्रू गेली. त्यांनी येऊन बल्ब काढला. ज्या माणसाला दिवस आणि रात्र यातला फरक पुस्तकात दिसतो, घोडीत दिसत नाही, तो पोरांना डॉक्टर करणार आहे!

अखेर सूर्यानेच काम केलं. दिवस लांबले आणि ज्येष्ठात कस्तुरी खरोखर आलंगावर आली. आमच्याकडच्या नव्या डॉक्टर मॅडमनी रविवारी हात घालून, यंत्र लावून तपासलं. म्हणाल्या, "बीज उद्या सुटेल. उद्याच घोडा दाखवा, परवा उपयोग नाही." सोमवारी दुपारी आम्ही तुमच्या दारात. तुम्ही लग्नाला गेला होता, म्हणून पुढचं तुम्हाला दाजींच्या तोंडून कळलं असेल, म्हणजे कळलं नसेल.

दाजी दारातच म्हणाले, "उमाबाई, आज सोमवार हाय. बसवण्णाचा वार. आपण बैलाच्या मानेवर जू ठिवत न्हाई."

मी म्हटलं, "बैलाच्या ना? हा घोडा आहे."

"जनावर त्ये जनावर. सोमवारी कामाला लावायचं न्हाई."

"दाजी, याला काम म्हणतात का? बादलला तरी विचारा."

"त्याला इचारून काय? त्याला वार कळत न्हाईत. म्हणून तर आपण पाळायचे."

आत बादल खिंकाळत होता, बाहेर कस्तुरी टेंपो हलवत होती, आणि दाजी भस्म लावून मधे उभे. बसवण्णाने माणसाला अक्कल वापरू नका असं कुठे सांगितलंय, ते मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही. (दाजींचं दुकान सोमवारी उघडं असतं. तिथला नोकर जनावरात मोडत नसावा.) मंगळवारी सूर्य उगवताच त्यांनी स्वतः बादल बाहेर काढला. कस्तुरीने कान मागे पाडले आणि त्याच्या मानेचा लचका तोडला. आलंग संपली होती.

आता ऐका, अक्का. मॅडम म्हणतात चक्र बसलंय, घोडी अगदी नियमित झाली. मी बोटांवर मोजलं. सोमवारपासून एकवीस दिवस म्हणजे पुन्हा सोमवार. त्यापुढचे एकवीस, तोही सोमवार, आणि तो श्रावणातला! संक्रांतीपासून जिच्या नियमितपणासाठी धडपडले, ती नियमित झाली ती दाजींच्या उपासाच्या वारी.

मोठ्यांना शरणार्थी, लहानांना आशीर्वाद, बादलला मूठभर हरभरा.

तुमची
उमा

ता. क. एकविसाव्या दिवशी येणाऱ्या त्या सोमवारी दाजींना सकाळीच मठात पाठवा आणि दुपारच्या प्रसादापर्यंत अडकवा. घोडा तुम्ही धरा. लग्नाआधी आपल्या घरचा घोडा तुम्हीच धरायचात आणि तुमचे भाऊ दाराआडून बघायचे, हे त्यांनीच मला सांगितलंय. पाप लागलं तर माझ्या नावावर सांगा.

आणखी एक. घोडी गाभण राहिली नाही, तरी मी तिला माळेगावला जाऊ देणार नाही. भावजींना अजून बोलले नाही, तुम्हीही बोलू नका. मग एवढी धडपड कशाला, असं तुम्ही विचाराल. दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात तुमचे भाऊ रोज एकच विचारत होते, "कस्तुरी राहिली का?" मी रोज हो म्हणत होते. आता ते खरं करायला मला एक सोमवार द्या.