बॅटरीच्या शिंगांचा शेंदूर

मार्कंडा, नदीघाटावरून

श्रीयुत व्याही नथ्थूजी, वडशाच्या मुक्कामी,

कमरेपर्यंतचा नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण मोटारीचं हँडल फिरवून पाठ धरली आहे.) तुमचा दमा, विहीणबाईंचे गुडघे आणि आमच्या गोकुळेचा तुमच्या घरातला आवाज, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा.

तुम्ही लिलावातून लढाईतली मोटार निवडून दिलीत, आम्ही ती नावेला बसवली, विहीणबाईंनी येऊन पूजा केली, इथवर सगळं शुभ. पण पहिल्याच फेरीत ती वैनगंगेच्या मधोमध शिंकली आणि निजली. शिवरात्रीच्या यात्रेत मोटारीची नाव चालली तरच घाटाच्या उताराचा ठेका माझ्याकडे राहणार, नाहीतर तो पुन्हा इस्तारी ढिवराच्या डोंग्यांकडे. आणि आम्हाला दोरानं ओढून काठाला आणलं ते इस्तारीनंच. वल्हं मारता मारता म्हणतो, "मुखरूभाऊ, माह्या डोंग्याले बॅटरी नाई लागत. भाकर लागते."

मग मोटारीचा दवाखाना सुरू झाला. प्लग घासला, कॉइल बदलली, तरी ठिणगी अशी मेलेली की विडी पेटू नये. बॅटरी उतरली म्हणून चांद्याला नेऊन भरून आणली, ती पुन्हा उतरली. डायनामोला दिवा लावून पाहिला, तर लख्ख. म्हणजे वीज निघते पुरी आणि बॅटरीत पोचत नाही. वाटेत कुणीतरी खातं. (धानाच्या व्यापारात हे तुम्हाला नवं नाही.) शेवटी हँडल दुसऱ्याच्या हाती दिलं आणि मी कान लावून बसलो. माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. लग्नात मांडवाच्या त्या टोकाला तुम्ही वरण पातळ म्हणालात, ते मी या टोकाला वाढता वाढता ऐकलं होतं. बॅटरीच्या खुंटाला तार आवळून धरणाऱ्या पट्ट्याखालून बारीक चर्र ऐकू आलं. पट्टा उचलला, तर खाली तेलात कालवलेला शेंदूर. पूजेच्या वेळी बॅटरी पाटावर होती. तिचे दोन खुंट वर आलेले पाहून विहीणबाईंनी ते पोळ्याच्या बैलाची शिंगं रंगवावीत तसे मायेनं रंगवले होते, आणि आम्ही वरूनच पट्टे आवळले. (चांद्याच्या माणसानंही देवाचं म्हणून वीज भरायच्या चिमट्यापुरतंच टोक खरवडलं असावं.) राकेलच्या फडक्यानं सगळं पुसून काढलं, आणि मोटार अशी गर्जली की पलीकडच्या म्हशी उठून उभ्या राहिल्या.

पण ते लाल फडकं साऱ्या घाटानं पाहिलं. रोज पलीकडे मासळी विकायला जाणारी बुधरीबाई टोपली घेऊन नावेशी आली आणि थबकली. म्हणाली, "देवाचा शेंदूर पुसला तुमी. आता यात कोन बसन?" आणि इस्तारीच्या डोंग्यात जाऊन बसली. तेव्हापासून मोटार चालते आणि माणूस बसत नाही. रिकामी नाव घेऊन मी एकटाच ऐटीत नदी ओलांडतो आणि परत येतो.

बाकी इकडे क्षेम आहे.

तुमचा व्याही,
मुखरू

ता. क. विहीणबाईंना यात्रेआधी धाडून द्या. ज्या हातानं लावला त्याच हातानं शेंदूर पुन्हा लागला तर लोक बसतील, हे बुधरीबाईचंच म्हणणं. नावेच्या नाकाला हवा तेवढा लावू देत. बॅटरी मी घोंगड्याखाली झाकून ठेवीन.

आणखी एक. गोकुळे, घरात पत्रं तूच मोठ्यानं वाचून दाखवतेस. शेंदराचा भाग सासूबाईंसमोर गाळ. वरणाचाही गाळ. वाचून झालाच असेल तर त्यांना एवढं सांग, बाबा म्हणतात, विजेला अडवील असा शेंदूर अख्ख्या जिल्ह्यात दुसऱ्या कुणाच्या हातचा नाही.